असं यंत्र भारतात कुणी विकत नाही, मग पेटंट मिळेल का?

प्रश्न थोडक्यात असा: निफाड तालुक्यात फॅब्रिकेशनचं वर्कशॉप चालवणाऱ्या एका गृहस्थांनी कांद्याची पात कापणारं यंत्र बनवलं आहे. काढलेला कांदा वरून टाकला की पात कापली जाते, मान, म्हणजे कांद्यावर उरणारा देठ, सगळीकडे सारखी राहते आणि पात अर्धवट ओली असली तरी यंत्र अडकत नाही. गूगलवर शोधलं तर भारतात असं यंत्र विकणारं कुणी सापडलं नाही. चार महिन्यांपूर्वी त्यांनी यंत्र चालतानाचा व्हिडिओ यूट्यूबवर टाकला. तो बघून एका व्यापाऱ्याने फोन केला, 'याचं पेटंट आमचं आहे, बनवाल तर केस करू' असं सुनावलं आणि व्हॉट्सअॅपवर एक नंबर पाठवला. आता त्यांना विचारायचं आहे की पेटंट शोधायचं कसं, आपल्याला मिळेल का, आणि यंत्र बनवताना ज्या कारागिराची मदत झाली त्याचं नाव अर्जात घालावं लागतं का.

यंत्राची आतली रचना तुम्ही प्रश्नात लिहिली नाहीत, हे फार बरं केलंत. यापुढेही अर्ज दाखल होईपर्यंत ती कुठेच लिहू नका. मी खाली जी उदाहरणं देतो आहे ती 'समजा' म्हणूनच वाचा.

तुमच्या प्रश्नात खरं तर दोन प्रश्न एकमेकांत मिसळले आहेत, आणि माझ्याकडे येणाऱ्या बहुतेकांचे ते तसेच मिसळलेले असतात. एक, मला पेटंट मिळेल का? दोन, मी हे यंत्र बनवून विकलं तर दुसऱ्या कुणाच्या पेटंटचा भंग होईल का? या दोन्हींचा शोध वेगवेगळा घ्यावा लागतो. पहिल्यासाठी सगळं जग आणि सगळा काळ मोजायचा. कुठल्याही देशात, कुठल्याही भाषेत तुमच्या अर्जाच्या आधी जे जाहीर झालं ते तुमच्या विरोधात जातं, मग ते पेटंट असो, प्रबंध असो, कंपनीचं माहितीपत्रक असो की व्हिडिओ. दुसऱ्यासाठी मात्र फक्त भारतात मंजूर झालेली आणि आजही चालू असलेली पेटंटं बघायची. समजा, नेदरलँड्समध्ये १९८५ साली कुणीतरी असंच यंत्र पेटंट केलं होतं. पहिल्या प्रश्नात ते तुमचा अर्ज पाडू शकतं. दुसऱ्या प्रश्नात त्याचा काहीही त्रास नाही. उलट त्यातली सगळी माहिती तुम्हाला फुकट वापरायला मोकळी आहे.

म्हणून 'भारतात कुणी विकत नाही' हे उत्तर दोन्हींपैकी एकाही प्रश्नाला पुरत नाही. पेटंट झालेल्या अनेक गोष्टी बाजारात कधीच येत नाहीत, कागदावरच राहतात. आणि कागदावर असलं तरी नावीन्य संपतंच. आणखी एक गोष्ट लक्षात ठेवा. पेटंट म्हणजे बनवण्याचा परवाना नव्हे, तो दुसऱ्याला थांबवण्याचा हक्क आहे. तुमच्या सुधारणेवर तुम्हाला पेटंट मिळालं आणि मूळ रचनेवर भारतात दुसऱ्याचं चालू पेटंट असलं, तर त्याची परवानगी तुम्हाला घ्यावीच लागेल.

आता पेटंटचा कागद वाचायचा कसा ते बघू, कारण शोधण्याच्या आधी ते यायला हवं. वर शीर्षक असतं, मग सारांश, आकृत्या, सविस्तर वर्णन, आणि शेवटी क्रमांक घातलेली वाक्यं. ती वाक्यं म्हणजे क्लेम. हक्क फक्त तिथे असतो. शेताच्या खरेदीखतात चतुःसीमा लिहिलेल्या असतात ना, क्लेमचं काम तेच. खरेदीखतात विहिरीचं, आंब्याच्या झाडाचं कितीही वर्णन असो, जमीन कुठपर्यंत तुमची हे चतुःसीमाच सांगतात. शीर्षकात 'कांदा पात कापणी यंत्र' एवढंच लिहिलेलं असतं म्हणून लोक घाबरतात. पण जगातल्या सगळ्या पात कापणाऱ्या यंत्रांवर त्याचा हक्क आहे असा त्याचा अर्थ होत नाही.

समजा पहिला क्लेम असा आहे: एक सांगाडा, त्यावर एकमेकांच्या विरुद्ध दिशेने फिरणारे सर्पिल पट्टीचे दोन रोलर, रोलरांच्या खाली फिरणारं पातं, आणि पात उभी करण्यासाठी खालून हवा ओढणारा पंखा. हे चार घटक झाले. तुमच्या यंत्रात चारही असतील तर भंगाचा प्रश्न उभा राहतो. पंखा मुळीच नसेल आणि त्याच्या जागी तेच काम त्याच पद्धतीने करणारं दुसरं काही नसेल, तर सर्वसाधारणपणे तुम्ही त्या क्लेमच्या बाहेर आहात. म्हणूनच क्लेम जितका लांब, तितका त्याचा पसारा लहान. नवखा माणूस पानभर लांब क्लेम बघून दबकतो. मी मात्र दोन ओळींचा क्लेम दिसला की जास्त काळजीपूर्वक वाचतो.

पहिल्या प्रश्नाच्या शोधाला कागद-पेन घेऊन बसा. यंत्राला नाव देऊ नका, त्याचे भाग आणि प्रत्येक भागाचं काम लिहून काढा. कांदा आत येतो कसा, पात पकडली जाते कशी, कापली जाते कशी, मानेची लांबी ठरते कशी, ओली पात गुंडाळू नये म्हणून काय केलं, कापलेली पात बाहेर पडते कुठून. तुमच्या वर्णनावरून मला वाटतं की तुमचं खरं नवेपण, असलंच तर, शेवटच्या दोन-तीन कामांत आहे. पात कापणारी यंत्रं युरोप-अमेरिकेत अनेक वर्षांपासून आहेत. रोलरांमध्ये पात ओढून कापणं आणि हवेने पात उचलून पात्याने कापणं, या दोन्ही पद्धती जुन्याच. त्यामुळे 'पात कापणारं यंत्र' असा अर्ज टिकणार नाही. 'ओली पात रोलरला गुंडाळू न देता मान ठरावीक लांबीची ठेवणारी अमुक रचना' असा अर्ज टिकू शकतो, पण ती रचना आधी कुणी सांगितलेली नसेल तरच. तेव्हा शोधायचं आहे ते अख्खं यंत्र नाही, ती रचना.

शोधाची साधनं फुकट आहेत. गूगल पेटंट्स, युरोपियन पेटंट ऑफिसचं एस्पासनेट, जागतिक बौद्धिक संपदा संघटनेचं पेटंटस्कोप, आणि भारतीय पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावरचं इनपास. एस्पासनेटवर १५ कोटींहून अधिक पेटंट कागदपत्रं आहेत, तेव्हा साधनं कमी पडतात अशी तक्रार कुणाला करता येणार नाही. अडचण येते ती शब्दांची. पेटंट लिहिणारे लोक मुद्दाम रुंद शब्द वापरतात. तुम्ही 'ओनियन कटर' टाकलंत तर स्वयंपाकघरातले कांदे चिरणारे डबे सापडतील. 'ओनियन टॉपर', 'टॉपिंग', 'डी-टॉपिंग', 'लीफ रिमूव्हल', 'हॉम' (haulm, म्हणजे पिकाचा पाला), 'बल्ब क्रॉप', 'एलियम' (कांदा-लसणाच्या कुळाचं शास्त्रीय नाव) असे शब्द आलटून-पालटून टाका. लसूण आणि फुलांच्या कंदांची यंत्रंही बघा, कारण कंदावरची पात काढायचं काम तिथेही तेच. बिटाचे शेंडे छाटणारी यंत्रंही सोडू नका. अर्ज तपासणारा पेटंट कार्यालयातला परीक्षक पिकाचं नाव बघून थांबत नाही.

शब्दांपेक्षा भरवशाची वाट म्हणजे वर्गीकरण. जगभरातली पेटंटं ए पासून एच पर्यंतच्या आठ विभागांत आणि त्यांच्या हजारो उपविभागांत लावलेली असतात. ही मांडणी आंतरराष्ट्रीय आहे, त्यामुळे जपानी किंवा चिनी पेटंटलाही तोच संकेतांक असतो. कांदे आणि फुलांच्या कंदांची पात किंवा साल काढणाऱ्या साधनांना ए२३एन १५/०८ हा संकेतांक आहे. शेतात चालत जाणारी काढणीची यंत्रं ए०१डी या वर्गात जातात. तुमचं यंत्र खळ्यावर किंवा कांदाचाळीजवळ उभं राहून चालतं असं दिसतं, म्हणून सुरुवात पहिल्या संकेतांकापासून करा. पण दुसरा सोडू नका, कारण ट्रॅक्टरच्या मागे चालणाऱ्या यंत्रातही तुमच्यासारखी रचना असू शकते.

माझी पद्धत सांगतो. आधी गूगल पेटंट्सवर शब्दांनी शोधून त्यातल्या त्यात जवळची दोन-तीन पेटंटं काढतो. त्यांच्यावर कोणते संकेतांक आहेत ते टिपतो आणि तेच संकेतांक एस्पासनेटवर टाकून त्यातली कागदपत्रं चाळतो. चाळताना सुरुवातीला मजकूर वाचत नाही, फक्त आकृत्या बघतो. यांत्रिक शोधात आकृतीवरून शंभरातली नव्वद कागदपत्रं पटकन बाजूला काढता येतात, आणि तुम्ही तर आयुष्यभर ड्रॉइंग वाचत आला आहात, हे काम तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं कराल. जी जवळची वाटतात त्यांच्या मागे-पुढे जातो: त्यांनी आधीच्या कोणत्या पेटंटांचा उल्लेख केला आणि नंतरच्या कोणत्या पेटंटांनी त्यांचा केला. असं करता करता एक वेळ येते की नवा शोध घेतला तरी तीच ती कागदपत्रं पुन्हा समोर येतात. तिथे थांबतो.

चिनी कागदपत्रं खूप येतील. भाषांतर यांत्रिक असलं तरी आकृतीसोबत वाचलं की अर्थ लागतो. क्रमांकाच्या शेवटी यू हे अक्षर असलं तर ते युटिलिटी मॉडेल, म्हणजे सखोल परीक्षण न होता दहा वर्षांसाठी मिळालेली नोंदणी. आपल्याकडे तसा प्रकार नाही. भारतात त्याने तुम्हाला कुणी अडवू शकत नाही, पण नावीन्याच्या हिशेबात ते पुरेपूर धरलं जातं. क्रमांकाच्या शेवटी ए असेल तर साधारणपणे तो नुसता प्रसिद्ध झालेला अर्ज, बी असेल तर मंजूर पेटंट. ही अक्षरं देशानुसार थोडी बदलतात.

पेटंटांच्या बाहेरचा शोध मात्र बहुतेक लोक विसरतात. १९९५ साली अमेरिकेत जखम भरण्यासाठी हळद वापरण्यावर पेटंट मंजूर झालं होतं. आपल्या वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, म्हणजे सीएसआयआरने, त्याला आव्हान दिलं आणि १९९७ मध्ये ते रद्द झालं. परिषदेचे महासंचालक तेव्हा आपले गोव्यातल्या माशेलचे डॉ. रघुनाथ माशेलकर होते. त्या लढाईत पुरावा म्हणून ३२ संदर्भ मांडले गेले. काही शंभर वर्षांहून जुने होते, आणि त्यांत १९५३ सालचा भारतीय वैद्यकीय नियतकालिकातला एक लेखही होता. मंजूर झालेलं पेटंट पाडायला अशा छापील कागदांचा आधार पुरला. तुमच्या बाबतीत असे कागद कुठे असतील? कृषी विद्यापीठांचे एम.टेक.चे प्रबंध कृषिकोश या भांडारात आहेत, राहुरीचेही. राजगुरुनगरला कांदा-लसूण संशोधन संचालनालय आहे, त्यांचे वार्षिक अहवाल आणि यंत्रांची माहितीपत्रकं बघा. परदेशी कंपन्यांचे कॅटलॉग आणि व्हिडिओ बघा. सापडलेल्या प्रत्येक गोष्टीची तारीख टिपा, कारण तारखेशिवाय पुरावा लंगडा असतो.

एक फार उपयोगाची वाट आहे. भारतात तुमच्याशी मिळताजुळता अर्ज आधी कुणी केलेला असेल तर इनपासवर त्याची कागदपत्रं उघडता येतात. त्यात पेटंट कार्यालयाचा पहिला परीक्षण अहवाल असतो. परीक्षकाने कोणती जुनी पेटंटं दाखवून हरकत घेतली आणि अर्जदाराने काय उत्तर दिलं, हे सगळं त्यात वाचायला मिळतं. कुणीतरी आधीच केलेला शोध तुमच्या हातात येतो. मी कुठल्याही नव्या विषयात शिरताना असे दोन-तीन अहवाल आधी वाचतो.

शोधाला मर्यादाही आहे. अर्ज दाखल झाल्यावर साधारण १८ महिने तो गुप्त असतो, त्यानंतर शुक्रवारी निघणाऱ्या पेटंट कार्यालयाच्या जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. म्हणजे गेल्या दीड वर्षातले बरेचसे अर्ज तुम्हालाच काय, कुणालाही दिसणार नाहीत. 'शंभर टक्के काही नाही' असा दाखला कुणी विकत देत असेल तर पैसे देऊ नका.

आता व्हिडिओ. इथे मला तुम्हाला स्पष्टच सांगायला हवं. अमेरिकेत संशोधकाने स्वतः जाहीर केल्यावर अर्ज करायला एक वर्षाची सवलत मिळते. भारतात अशी सरसकट सवलत नाही. आपल्या कायद्यात काही थोडे अपवाद आहेत, जसं केंद्र सरकारने अधिसूचित केलेलं प्रदर्शन, किंवा विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध. त्यांत यूट्यूब बसत नाही. व्हिडिओत जे दिसलं ते नवं राहिलं नाही. पण व्हिडिओत नेमकं काय दिसतं, यावर बरंच काही अवलंबून आहे. कांदा आत गेला आणि कापून बाहेर आला एवढंच दिसत असेल, आणि आतली रचना पत्र्याच्या आवरणामागे असेल, तर तो व्हिडिओ बघून कुणी जाणकार फिटर ती रचना बनवू शकणार नाही. तसं असेल तर रचनेचं नवेपण शाबूत आहे असं म्हणायला जागा आहे. व्हिडिओ स्वतःच सावकाश, थांबवत थांबवत बघा आणि कुठल्या सेकंदाला कोणता भाग दिसतो ते लिहा. आवाजात तुम्ही काय समजावून सांगितलं तेही लिहा. हा कागद पेटंट एजंटाकडे, म्हणजे पेटंटचे अर्ज लिहून दाखल करणाऱ्या व्यावसायिकाकडे, सगळ्यात आधी द्या. व्हिडिओ खासगी करा, पण त्याची प्रत आणि टाकल्याची तारीख जपून ठेवा, ती पुढे लागणार आहे.

शेतकऱ्यांकडे चाचणीसाठी यंत्र दिलं असेल तर तो वेगळा मुद्दा. शोधाचं स्वरूपच असं असेल की उघड्यावर चाचणी घ्यावीच लागते, तर अर्जाआधीच्या एका वर्षातल्या वाजवी चाचणीला कायदा सवलत देतो. कांद्याच्या यंत्राला हे लागू करता येईल असं माझं मत आहे, पण चाचणी चाचणीच असायला हवी. पैसे घेऊन विकलेलं यंत्र चाचणीत मोजलं जात नाही. कुणाकडे, किती दिवस, कशासाठी दिलं याचा साधा कागद करून सही घ्या.

त्या व्यापाऱ्याच्या नंबराकडे येतो. २०१६ पासूनच्या अर्ज क्रमांकात बारा आकडे असतात. पहिले चार म्हणजे वर्ष, पाचवा आकडा कार्यालयाचा: १ दिल्ली, २ मुंबई, ३ कोलकाता, ४ चेन्नई. बारा आकडी क्रमांक असेल तर त्याने तुम्हाला अर्जाचा नंबर पाठवला आहे, पेटंटचा नव्हे. मंजूर पेटंटचा क्रमांक वेगळा आणि लहान असतो. तो डिझाइन नोंदणीचा नंबर असण्याचीही शक्यता आहे. डिझाइन नोंदणी फक्त दिसण्याला, आकाराला मिळते. यंत्र काम कसं करतं त्यावर तिचा हक्क नसतो. लोक हे दोन्ही 'पेटंट' म्हणूनच सांगतात, आणि समोरचा घाबरतो.

नंबर इनपासवर टाका आणि स्थिती वाचा. अर्ज प्रसिद्ध झाला आहे की परीक्षणात आहे, की परीक्षण अहवालाला वेळेत उत्तर न दिल्यामुळे सोडून दिल्याचं धरलं गेलं आहे? मंजूर असेल तर दरवर्षीचं नूतनीकरण शुल्क भरलं आहे का? शुल्क चुकलं की पेटंट संपतं, पण १८ महिन्यांच्या आत ते पुन्हा जिवंत करून घेण्यासाठी अर्ज करता येतो. तेव्हा नुकतंच संपलेलं पेटंट मेलं असं लगेच धरू नका. मंजूर आणि चालू असेल तर मंजूर झालेले क्लेम वाचा. मूळ अर्जातले वाचून उपयोग नाही, कारण परीक्षणात ते बहुतेक वेळा आखडलेले असतात. मग वर सांगितल्याप्रमाणे एका बाजूला त्याचे घटक, दुसऱ्या बाजूला तुमचं यंत्र, असा तक्ता करा. एखादा घटक तुमच्यात नाही असं दिसलं तरी स्वतः निकाल देऊ नका, 'तेच काम तशाच पद्धतीने' या मुद्द्यावर एजंटाचं किंवा वकिलाचं लेखी मत घ्या.

अर्ज अजून मंजूर झालेला नसेल तर तो आज तुमच्यावर भंगाचा दावा लावू शकत नाही. पुढे मंजूर झाला तर मात्र प्रसिद्धीच्या तारखेपासूनची भरपाई मागू शकतो, म्हणून त्या अर्जावर लक्ष ठेवा. मंजुरीआधी कुणालाही त्याला लेखी विरोध करता येतो. आणि त्याचा अर्ज तुमच्या व्हिडिओच्या नंतरचा निघाला तर तुमच्या व्हिडिओत जे दिसतं ते त्याच्याही विरोधात पुरावा ठरेल, म्हणून ती प्रत जपायला सांगितलं. बिनबुडाच्या धमकीविरुद्ध पेटंट कायद्याच्या कलम १०६ खाली तुम्हालाही कोर्टात जाता येतं. मात्र नुसतं 'आमचं पेटंट आहे' असं कळवणं म्हणजे धमकी नव्हे, हेही त्याच कलमात आहे. म्हणून यापुढचं बोलणं फोनवर न करता लेखी करा. फोनवर त्याला यंत्राची रचना समजावून सांगायच्या मोहात तर अजिबात पडू नका.

इथवरचं तीन वाक्यांत सांगायचं तर: पेटंट मिळण्यासाठीचा शोध जगभर आणि रचनेचा घ्या. भंगाचा शोध भारतापुरता आणि क्लेमचा घ्या. व्हिडिओत काय दिसलं याची यादी आज रात्रीच करा.

शोधात रचना नवी निघाली, तरी एक पायरी उरते, आणि वर्कशॉपमधल्या संशोधकांचे अर्ज सगळ्यात जास्त तिथेच अडतात. नवं असणं पुरत नाही, त्या धंद्यातल्या जाणत्या माणसाला ते सहज सुचण्यासारखं नसावं लागतं. बिश्वनाथ प्रसाद राधेश्याम विरुद्ध हिंदुस्तान मेटल इंडस्ट्रीज हा १९७८ सालचा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल तुमच्यासारख्या प्रत्येकाला माहीत असावा असं मला वाटतं. मिर्झापूरला पितळेची भांडी बनवणाऱ्या कारखान्याचं ते प्रकरण. लेथवर भांडं घट्ट धरून त्याला झिलई देण्याच्या सुधारलेल्या पद्धतीवर १९५१ सालचं पेटंट होतं. न्यायालयाने ते टिकू दिलं नाही: धंद्यात आधीपासून माहीत असलेल्या साधनातली ती साधी, कारागिराला सुचेल अशी सुधारणा आहे, पेटंट देण्याइतकी शोधक पायरी त्यात नाही. आजही परीक्षक हाच प्रश्न विचारतो. ओळखीच्या वस्तू नुसत्या एकत्र बसवल्या आणि प्रत्येक आपापलं काम स्वतंत्रपणे करते आहे, तर कलम ३ मध्येच ते वगळलेलं आहे.

याला उत्तर तुमच्याकडे असू शकतं, आणि ते चाचणीच्या वहीत असतं. ओली पात गुंडाळते ही अडचण सोडवायला सरळ सुचणारे उपाय तुम्ही आधी करून पाहिले असतील. कोणते केले, का फसले, मग ही रचना का चालली, दर तासाला किती क्विंटल निघालं, मान किती ते किती सेंटिमीटर राहिली, कांद्याला इजा किती झाली. हे आकडे अर्जाच्या वर्णनात असले की 'हे तर कुणालाही सुचलं असतं' या हरकतीला धार राहत नाही. अर्ज झाल्यावर वर्णनात नवं काही घालता येत नाही, म्हणून वही आजपासून लिहायला घ्या. आणि हक्क यंत्रावर मागा, शेतीच्या पद्धतीवर नको. शेतीच्या पद्धतीला आपल्या कायद्यात पेटंट मिळत नाही.

अर्ज करावा का, हे शेवटी तुमच्या धंद्यावर आहे. रचना उघडी आहे, यंत्र विकत घेऊन कुणीही महिनाभरात नक्कल करेल, आणि तुम्हाला ते महाराष्ट्राबाहेर मध्य प्रदेश-गुजरातेतही विकायचं आहे, असं असेल तर अर्ज करा. दोन-चार तालुक्यांत मोजकी यंत्रं विकायची असतील तर आधी बाजार पकडणं आणि डिझाइन नोंदवणं कदाचित जास्त कामाचं ठरेल. सरकारी शुल्क व्यक्तीसाठी आणि लघुउद्योगासाठी सवलतीचं आहे: ऑनलाइन अर्जाला १,६०० रुपये, परीक्षणाच्या विनंतीला ४,००० रुपये. ही विनंती अर्जाच्या तारखेपासून ३१ महिन्यांत करावी लागते, पूर्वी ४८ महिने मिळायचे, मार्च २०२४ मध्ये नियम बदलले. पेटंटची मुदत अर्जापासून २० वर्षं. मसुदा लिहिण्याची एजंटाची फी मात्र कामागणिक वेगळी असते, आणि खरा खर्च तोच. गांधीनगरचं राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठान तळागाळातल्या संशोधकांना पेटंटसाठी मदत करतं, त्यांच्याकडेही विचारून बघा.

सगळं तयार होईपर्यंत थांबायची गरज नाही. तात्पुरता विवरण अर्ज दाखल करून तारीख घेता येते आणि १२ महिन्यांत पूर्ण अर्ज करता येतो. पण त्या तात्पुरत्या अर्जातही ती नवी रचना आकृतीसह नीट लिहिलेली हवी. दोन ओळींचा अर्ज टाकून तारीख मिळवली असं समजणाऱ्यांना पुढे कळतं की ती तारीख त्या दोन ओळींपुरतीच होती. तुमच्या बाबतीत व्हिडिओ बाहेर आहे, शिवाय कुणाची तरी नजर पडली आहे. म्हणून मी तुमच्या जागी असतो तर पंधरा दिवसांत शोध आटपून महिन्याच्या आत तात्पुरता अर्ज केला असता.

आता तुमच्या कारागिराचं. त्याने तुम्ही सांगितलं तसं वेल्डिंग आणि टर्निंग केलं असेल तर तो कायद्याने संशोधक ठरत नाही. पण पात गुंडाळू नये म्हणून केलेली ती युक्ती किंवा तिचा एखादा महत्त्वाचा भाग त्याच्या डोक्यातून आला असेल, तर तो संशोधक आहे. मग त्याचं नाव फॉर्म १ मध्ये तुमच्या नावासोबत गेलंच पाहिजे. त्याने तुमचा मालकी हक्क जात नाही. अर्जदार तुम्ही किंवा तुमची फर्म राहू शकते, त्याच फॉर्ममध्ये संशोधकाने अर्जदाराला हक्क दिल्याचं जाहीर करून सही करायची जागा आहे. नाव गाळलं तर उद्या तोच माणूस, किंवा त्याला हाताशी धरून तो व्यापारी, हक्क चुकीने मिळवला म्हणून विरोध करू शकतो. सही घेण्याआधी त्याला फॉर्म मराठीत समजावून सांगा, त्याच्या वाट्याचं काय ते आधी ठरवा आणि तेही कागदावर आणा.

इनपासवर त्या नंबराची स्थिती काय निघाली आणि तो किती आकड्यांचा आहे, एवढं कळवा. त्यावरून पुढे काय करायचं ते सांगतो.